अवतार बोलतो, दोरी कोणाच्या हाती?

बचत गटाच्या, ग्रामसंघाच्या बैठका आता काही ठिकाणी मोबाईलवरही होतात. पडद्यावर चौकोनांत आपले चेहरे दिसतात, एक बाई हिशेब वाचते, बाकीच्या ऐकतात. या चौकोनांत अलीकडे एक नवा पाहुणा येऊ लागला आहे, त्याला म्हणतात एआय अवतार. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. आपला काही मिनिटांचा व्हिडिओ आणि आवाज संगणकाला दिला की तो आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी बोलणारी एक चलत्‌ प्रतिमा तयार करतो. मग आपण फक्त मजकूर लिहून द्यायचा. ओठ ती हलवते, मान ती डोलावते, माहिती ती सांगते, आणि आपण त्या वेळी रानात खुरपत असलो तरी चालते.

हे ऐकून कुणाला नवल वाटेल, कुणाला भीती. आज आपण या अवताराचा इतिहास पाहणार आहोत. तो समजला म्हणजे कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, ते ठरवता येते.

अवतार हा शब्द आपला, संस्कृतातून आलेला. देव खाली उतरतो तो अवतार. घरात कुणी केस पिंजारून आले की आपण म्हणतो, “काय हा अवतार!” हाच शब्द १९८५च्या सुमारास अमेरिकेतल्या संगणकाच्या खेळांत शिरला. खेळणाऱ्याच्या वतीने पडद्यावर वावरणारे चित्र म्हणजे त्याचा अवतार. आता तोच शब्द जग फिरून आपल्या मोबाईलमध्ये परत आला आहे.

दुसऱ्याचे रूप घेऊन बोलणे आपल्याला नवे नाही. तळकोकणात आणि गोव्यात दशावतारी नाटके रात्र रात्र चालतात. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री राजा होतो, पुरुष नऊवारी नेसून राणी होतो. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा आणि चित्रकथीचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. त्यासाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पाध्ये यांचा अर्धवटराव तर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. बाहुला चुरूचुरू बोलायचा, आणि बोलणारे असायचे त्याला हातात घेऊन बसलेले शब्दभ्रमकार, आधी य. के. पाध्ये आणि नंतर त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये.

या सगळ्या खेळांत एक गोष्ट सारखी आहे. पाहणाऱ्याला ठाऊक असते की हे सोंग आहे. बाहुलीची दोरी धरणारा पडद्याआड आहे, हे लहान मूलही जाणते. सूत्र म्हणजे दोरी, म्हणून नाटक चालवणाऱ्याला आपण सूत्रधार म्हणतो. सूत्रधार कोण हे माहीत असले की बाहुलीचा खेळ पाहायला मजा येते.

सूत्रधार लपला की काय होते, त्याचे एक जुने उदाहरण युरोपातले आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात, महाराणी मारिया तेरेसा हिच्यासमोर, वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या अधिकाऱ्याने एक यंत्र आणले. पेटीमागे तुर्की पोशाखातला लाकडी पुतळा बसलेला, आणि तो माणसांशी बुद्धिबळ खेळायचा. पेटीची दारे उघडून आतली चाके दाखवली जात. पुढे हे यंत्र देशोदेशी फिरले, १८०९ साली नेपोलियनही त्याच्याशी खेळला. लोक चकित व्हायचे. खरे तर पेटीत एक बुद्धिबळपटू अंग चोरून बसलेला असे. १८५४ साली अमेरिकेत आगीत ते यंत्र जळाले, तोवर चौऱ्याऐंशी वर्षे हे कोडे लोकांच्या डोक्यात होते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल, कारण त्यात बाया आहेत. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘व्होडर’ नावाचे बोलणारे यंत्र मांडले होते. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या होमर डडली यांचे ते काम. यंत्र बोलले अशी त्याची कीर्ती झाली. पण ते आपोआप बोलत नव्हते. समोर एक तरुणी बसायची. बोटांनी कळा दाबायच्या, मनगटाने पट्टी दाबायची, पायाने आवाज चढवायचा-उतरवायचा, असे करून ती एकेक अक्षर घडवायची. हे शिकायला सुमारे वर्ष लागे. टेलिफोन जोडून देणाऱ्या मुलींतून त्यासाठी मुली निवडल्या होत्या, आणि त्यांत हेलन हार्पर ही विशेष तरबेज होती. नाव यंत्राचे झाले, कसब मात्र त्या मुलींच्या हातांत होते.

पुढे टीव्ही आला. १९८५ साली ब्रिटनमध्ये मॅक्स हेडरूम नावाचा निवेदक गाजला. तो संगणकाने घडवलेला आहे असे भासवले जाई. प्रत्यक्षात तो मॅट फ्रूअर नावाचा नट होता, चेहऱ्यावर रबराचा मुखवटा चढवून बसलेला. २००० साली मात्र ब्रिटनमध्येच इंटरनेटवर अॅनानोव्हा आली. हिरव्या केसांची, संगणकाने काढलेली ही बाई बातम्या सांगायची. नोव्हेंबर २०१८मध्ये चीनच्या शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने त्यांच्या एका खऱ्याखुऱ्या निवेदकाच्या चेहऱ्यावरून एआय निवेदक तयार केला. हा चोवीस तास न थकता काम करील, असे सांगितले गेले. आपल्याकडे २६ मे २०२४ रोजी शेतकऱ्यांच्या डीडी किसान वाहिनीवर एआय क्रिश आणि एआय भूमी हे दोघे आले. हवामान, बाजारभाव, सरकारी योजना ते सांगतात, आणि पन्नास भाषांत बोलू शकतात, असे सरकारने जाहीर केले.

पन्नास भाषांचे ऐकून हे तंत्र कुणाच्या उपयोगाचे आहे ते कळते. २०१९ साली हिवतापाविरुद्धच्या मोहिमेसाठी फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम यांचा एक व्हिडिओ निघाला. त्यात ते नऊ भाषांत बोलताना दिसतात. त्यांतल्या बहुतेक भाषा त्यांना येत नव्हत्या. ओठांची हालचाल संगणकाने जुळवली होती आणि आवाज होते हिवतापातून वाचलेल्या माणसांचे व डॉक्टरांचे. चेहरा प्रसिद्ध माणसाचा आणि आवाज ज्यांनी सोसले त्यांचा. हे सगळे ठरवून, संमतीने आणि उघडपणे केलेले होते.

२०२०मध्ये करोना आला आणि जगभरच्या बैठका पडद्यावर गेल्या. माणसे बैठकांना कंटाळली, तसा अवतार बैठकीत शिरला. मे २०२५मध्ये स्वीडनच्या क्लार्ना कंपनीचे प्रमुख आणि ज्या झूमवर सगळे जग बैठका घेते त्या कंपनीचे प्रमुख एरिक युआन, या दोघांनीही कंपनीचा तिमाही हिशेब मांडताना स्वतःऐवजी स्वतःचा अवतार उभा केला. हा अवतार आहे, हे दोघांनीही लपवले नाही.

आपल्या गटांनाही याचा उपयोग होऊ शकतो, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. कितीतरी जणींना कॅमेऱ्यासमोर घाम फुटतो. कुणाला अधिकाऱ्यांपुढे आपली बोली बोलायचा संकोच वाटतो. पापड-मसाल्यांची माहिती दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला त्याच्या भाषेत सांगायची असेल, तर अवतार सांगू शकतो. एकच माहिती दहा गावांच्या बैठकांत दहादा सांगून घसा बसण्यापेक्षा हे बरे. पण हे करताना काय सांभाळायचे, त्यासाठी दोन घटना ऐका.

पहिली न्यूयॉर्कची. २६ मार्च २०२५ रोजी तिथल्या अपील न्यायालयात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ स्वतःची बाजू मांडायला आले. वकील नव्हता. बोलताना आपण अडखळू अशी त्यांना धास्ती होती, म्हणून व्हिडिओ दाखवायची परवानगी त्यांनी घेतली. पडद्यावर एक तरुण नीटनेटका माणूस बोलू लागला. न्यायाधीश बाईंनी लगेच विचारले, हा कोण? तो अवतार होता, अशी कुणी व्यक्ती नव्हतीच. बाई संतापल्या, व्हिडिओ बंद करवला आणि त्यांना स्वतः बोलायला लावले. नंतर त्यांनी न्यायालयाची माफी मागितली. अडखळण्याची भीती आपल्यालाही कळते. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण समोरच्याला आधी सांगितले नाही, आणि तेवढ्यावरून विश्वास गेला.

दुसरी घटना हाँगकाँगची, २०२४च्या सुरुवातीची. अरूप नावाच्या मोठ्या ब्रिटिश कंपनीच्या तिथल्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याला संदेश आला, की विलायतेतल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला गुप्तपणे काही पैसे पाठवायचे आहेत. कर्मचाऱ्याला आधी संशय आला. मग त्याला व्हिडिओ बैठकीत बोलावले. तिथे तो अधिकारी दिसला, ओळखीचे सहकारी दिसले, संशय मावळला. त्याने पंधरा वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, म्हणजे आपले दोनशे कोटींहून अधिक रुपये. त्या बैठकीत खरा माणूस तो एकटाच होता. बाकी सगळे बनावट, ज्याला डीपफेक म्हणतात ते. पोलिसांच्या तपासात एक गोष्ट पुढे आली. त्या चेहऱ्यांनी त्याच्याशी खरा संवाद केलाच नव्हता. हुकूम दिले आणि बैठक संपवली. त्याने मुख्य कार्यालयाकडे चौकशी केली तेव्हा सगळे उघडकीस आले.

आता हे आपल्या अंगणात आणून पाहू. चेहरा बाईचा आणि शब्द दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याला संगणकाने शिकवलेला नाही. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्या झाल्या. तरी कितीतरी ठिकाणी पाटीवर नाव सरपंच ताईचे आणि खुर्चीत बसून बोलणारे तिचे मालक. ‘सरपंचपती’ हा शब्दच त्यातून रूढ झाला. हा प्रश्न एवढा पसरला की २०२३ साली केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली.

आजवर ताईंच्या जागी कोण बोलतो ते निदान दिसत तरी होते. ग्रामसभेत एखादी म्हातारी उठून म्हणू शकत होती, “तुम्ही बसा, ताईंना बोलू द्या.” उद्या पडद्यावर ताईंचाच चेहरा असेल, ताईंचाच आवाज असेल आणि मजकूर घरच्या कर्त्याने किंवा कंत्राटदाराने लिहिलेला असेल, तर कोण कुणाला बसा म्हणणार? ज्या बाईने चार वर्षांत कशीबशी बोलायची हिंमत जमवली, तिला “तू कशाला त्रास घेतेस, अवतार बोलेल” असे गोड बोलून पुन्हा गप्प बसवता येईल. आम्हाला खरी काळजी याची वाटते.

आपला चेहरा आणि आवाज ही आपली मालमत्ता आहे, हे आता न्यायालयेही मानू लागली आहेत. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली मनाई केली. २०२५ साली आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले. जे आशाताईंच्या आवाजाला लागू, ते आपल्या गटाच्या अध्यक्षांच्या आवाजालाही तत्त्वाने लागू आहे. फरक इतकाच की आपल्याला कोर्टाची पायरी परवडत नाही, म्हणून आधीच जपायचे.

गटाच्या पंचसूत्रीत पहिलेच सूत्र नियमित बैठकीचे आहे. बैठकीला आपण फक्त ऐकायला जात नाही. कर्ज कुणाला, किती, का, हे विचारायला जातो. म्हणून येत्या बैठकीत या गोष्टींची चर्चा करा आणि पटल्यास ठराव लिहा.

अवतार वापरायचा असेल तर सुरुवातीलाच सांगायचे, की हा अवतार आहे, मजकूर अमुक ताईने लिहिला आहे. ज्या बाईचा चेहरा, तिने पूर्ण मजकूर आधी वाचलेला किंवा ऐकलेला असावा, आणि तिची संमती इतिवृत्तात नोंदवावी. अवताराने माहिती सांगावी, पण प्रश्नांना उत्तर ताईनेच द्यावे, अडखळत का होईना. मतदान, सही, कर्जमंजुरी यांत अवतार नको. आणि पैशांचा विषय असेल तर पडद्यावर कोणीही दिसो, अध्यक्ष असो की बँकेचा साहेब, बैठक संपवून आपल्या वहीत लिहिलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन लावायचा किंवा समोर जाऊन विचारायचे. “घाई करा, कुणाला सांगू नका” असे कोणी म्हणाले की तिथेच थांबायचे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

व्होडरपुढे बसलेल्या त्या मुली वर्षभर शिकल्या, तेव्हा यंत्र बोलले. आपल्या गटातल्या मुलीबाळींनीही हे नवे यंत्र चालवायला जरूर शिकावे. मजकूर लिहिणारा हात आपला असला की अवताराची दोरीही आपल्याच हाती राहते. तुमच्या गटात यावर काय ठरले, ते आम्हाला कळवा. तुमच्या तोंडून ऐकायला आम्हाला आवडेल.