दिवसाची मजल

इतिहासाच्या ग्रंथांत सन असतात, तिथि असतात, राजांचीं व सेनापतींचीं नांवें असतात. एक गोष्ट मात्र क्वचितच असते. ती म्हणजे अंतर. अमुक फौज एका गांवाहून निघाली आणि दुसऱ्या गांवीं पोंचली, एवढें एका वाक्यांत सांगून ग्रंथकार पुढें जातो. त्या वाक्याच्या पोटांत किती पावलें, किती तहान आणि केवढी रात्र सांठलेली आहे हें खुर्चींत बसून कळत नाहीं. तें कळावें म्हणून मी गेल्या हिवाळ्यांत पुणें जिल्ह्याच्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतून तीन दिवस सायकलीनें हिंडलों. त्या वाटांनीं जें शिकविलें तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

सायकलच कां, असें कोणी विचारील. मोटारींतून जाणारास अंतर जाणवत नाहीं आणि पायीं जाण्यास सवड नसते. सायकल ही त्या दोहोंमधली सोय आहे. १८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्ले यांनीं जवळजवळ सारख्या चाकांची सायकल बाजारांत आणली आणि १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी धावेची युक्ति काढली. तेव्हांपासून साध्या माणसाला स्वतःच्या बळावर दहा गांवें ओलांडतां येऊं लागलीं. तरीहि सायकल रस्त्याशीं प्रामाणिक राहते. चढ आला कीं मांड्या सांगतात, आणि उतार संपला कीं छाती सांगते.

हा मुलूख सह्याद्रीच्या कड्यांचा नव्हे. मावळ पश्चिमेस राहतो आणि पठार पूर्वेकडे उतरत जातें. पाऊस बेताचा, टेकड्या बोडक्या; परंतु भीमा, घोड व कुकडी या नद्यांनीं त्याला जगविलें आहे. जुनीं गांवें या नद्यांना धरून बसलेलीं आहेत, आणि जुने रस्ते त्यांचे उतार शोधीत गेलेले आहेत.

प्रवासाचा आरंभ मीं शिरूरपासून केला. घोडनदीच्या कांठचें म्हणून लोक या गांवालाच घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांची छावणी पडली. त्या छावणीचा एक अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ सालीं मरण पावला. त्याच्या थडग्यापाशीं आसपासचे शेतकरी पीक आल्यावर धान्याचा नैवेद्य ठेवीत आणि त्याला सत्पुरुष म्हणत, अशी माहिती पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरांत आहे. राज्य घेण्यास आलेल्या परक्या सैनिकाला त्याच भूमींतील कुणब्यानें देव मानावें, ही गोष्ट कोणत्याहि तहनाम्यांत सांपडावयाची नाहीं.

याच छावणींतून ३१ डिसेंबर १८१७ रोजीं रात्रीं आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी पुण्याकडे निघाली. पायदळ, घोडेस्वार व तोफखाना मिळून माणसें सुमारें आठशें, आणि तोफा दोन. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास ती भीमेजवळच्या उंचवट्यावर आली, तों समोर पेशव्यांची कित्येक पटींनीं मोठी फौज दिसली. तुकडीनें कोरेगांव भीमा या गांवाचा आसरा घेतला आणि रात्रीं नऊपर्यंत गल्लीगल्लींतून झुंज चालली. दुसरा बाजीराव स्वतः नदीपलीकडून ती पाहत होता. पुस्तकांत हें सर्व आहे. त्यांत नाहीं तें एवढेंच, कीं शिरूर ते कोरेगांव हें अंतर सुमारें चाळीस किलोमीटर आहे. मला तें तोडावयास पावणेतीन तास लागले, बाटलीभर पाणी संपलें आणि पाय थरथरूं लागले. त्या शिपायांनीं तें थंडीच्या रात्रीं पाठीवर ओझें घेऊन चौदा तासांत पायीं तोडलें, आणि त्यावर दिवसभर लढाई केली. तीहि नदी शंभर पावलांवर असून अंधार पडेपर्यंत पाणी न मिळतां. मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून त्यांचीं २७५ माणसें कामास आलीं. बाजीरावाची फौज दुसऱ्या दिवशीं निघून गेली आणि स्टॉन्टन पुण्यास न जातां शिरूरला परतला.

पुढें येथें जो स्तंभ उभारला गेला त्यावरील ४९ नांवांपैकीं २२ नांवें महार शिपायांचीं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं या स्तंभापाशीं आले, आणि ज्यांच्या पूर्वजांना गांवकुसाबाहेर ठेवलें गेलें होतें त्यांना या दगडांत आपल्या शौर्याचा लेखी पुरावा दिसला. आजहि त्या दिवशीं लाखों लोक येथें येतात. एकाच लढाईंत कोणाला पेशवाईचा अस्त दिसतो तर कोणाला माणुसकीचा उदय. हा वाद केवळ कागदावरचा नाहीं. २०१८ सालीं त्याच तारखेला येथें दंगल होऊन रक्त सांडलें. रात्रभर चाललेल्या त्या पावलांचा विचार केला तर निदान एवढें तरी पटावें, कीं चाललेल्या माणसाचें नांव पुसण्याचा अधिकार बसून राहिलेल्यास नाहीं.

कोरेगांवापासून चार-पांच किलोमीटरांवर वढू बुद्रुक आहे. येथें छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. १६८९ च्या फेब्रुवारींत कोंकणांतील संगमेश्वरास ते पकडले गेले. घाट चढवून त्यांना भीमेच्या कांठीं पेडगांवच्या बहादुरगडास नेलें, आणि पुढें भीमेच्याच कांठानें वर आणून ११ मार्च रोजीं त्यांचा वध केला. कोंकणच्या खाडीपासून इथवरची ती वाट एका राजाला कैदी म्हणून चालावी लागली. समाधीपुढें उभा असतां मला प्रथम तें अंतर आठवलें, आणि मग शब्द सुचेनासे झाले.

दुसऱ्या दिवशीं शिक्रापूरवरून पाबळची वाट धरली. येथें रस्ता चढूं लागतो, शेतें कोरडीं होत जातात आणि गर्दी मागें राहते. पाबळ हें मस्तानीच्या इनामाचें गांव. १७४० सालीं पहिले बाजीराव नर्मदेकांठीं रावेरखेडीस वारले, आणि त्याच सालीं मस्तानीचाहि अंत झाला. तिची साधी कबर पाबळास आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ सालीं मराठ्यांच्या बाजूनें पानिपतावर लढला आणि जखमांनीं मेला. शनिवारवाड्यापासून पाबळ एका दिवसाच्या मजलेवर आहे; पण त्या घराण्यांतील मनांचें अंतर त्याहून फार मोठें होतें.

पाबळहून कान्हूर मेसाई व मलठण या गांवांवरून शिरूरला परतणारी वाट मला तिन्ही दिवसांत अधिक आवडली. मुरमाड माळ, मधूनच बाभळीची ओळ आणि मोरांचा केका. जवळच्या एका गांवाचें नांवच मोराची चिंचोली आहे. या वाटेवर मला दोन तासांत जितक्या मोटारी दिसल्या, तितक्या आदल्या दिवशीं नगर रस्त्यावर दोन मिनिटांत दिसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशीं न्हावऱ्यावरून इनामगांव गांठलें. घोडनदीच्या उजव्या कांठीं येथें मातीच्या कांहीं टेकाडांखालीं एक गांव निजलेलें होतें. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं, म्हणजे डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, १९६८ पासून १९८३ पर्यंत तें उकरून काढलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकरी नांदत होते. त्यांचीं शंभराहून अधिक घरें सांपडलीं, कोठारें सांपडलीं, नदीचें पाणी वळविण्याचा पाट सांपडला. लहान मूल गेलें तर दोन मडकीं तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्या जमिनींतच पुरीत. मोठ्या माणसाला पुरतांना मात्र त्याचीं पावलें घोट्यापासून तोडीत. मृतानें घर सोडून जाऊं नये असा त्यांत हेतु असावा, असा तर्क विद्वानांनीं केला आहे. शेवटीं पाऊस कमी होत गेला, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, आणि ज्यांनीं मेलेल्यांनाहि जाऊं दिलें नाहीं त्या जिवंतांनाच गांव सोडावें लागलें. आज भोंवतालीं कालव्याच्या पाण्यावर ऊंस डोलतो. तो पाहतांना ही आठवण असणें बरें.

पारगांवापाशीं भीमा ओलांडली कीं दौंड तालुका लागतो, आणि केडगांव येतें. १८५८ सालीं पुण्याहून दिकसाळपर्यंत आगगाडी सुरूं झाली, तेव्हां या प्रांतांतील दिवसाची मजल प्रथमच मोडली. दौंडास तर पुढें १८७८ सालीं मनमाडचा फांटा येऊन मिळाला. त्याच लोहमार्गाजवळ पंडिता रमाबाईंनीं केडगांवास मुक्तिसदन वसविलें. १८९६ च्या व त्यामागोमागच्या दुष्काळांत मध्यप्रांत व गुजरातेंतून त्यांनीं शेंकडों निराधार मुली व विधवा येथें आणिल्या. पायीं निघाल्या असत्या तर त्यांतील कितीजणी वाटेंतच संपल्या असत्या! वेगाला नांवें ठेवतांना हें विसरतां कामा नये.

म्हणून माझी तक्रार वेगाविरुद्ध नाहीं. रांजणगांव व सणसवाडी येथें कारखाने झाले, खेड्यांतील पोरांना काम मिळालें, ही इष्टच गोष्ट आहे. पण नगर रस्त्यावर पहिल्या दिवशीं एक मालमोटार इतक्या जवळून गेली कीं मी सायकलीसह कडेच्या मुरमांत पडलों. खरचटलें, एवढेंच. उठून पाहतों तों शाळेस निघालेलीं दोन मुलें त्याच दोन हात कडेवरून निमूटपणें सायकली रेटीत होतीं. माझी ती हौस होती. त्यांचा तो रोजचा रस्ता होता. ज्या वाटेनें शिपाई, कैदी, व्यापारी व यात्रेकरू शतकानुशतकें आपल्या पावलांनीं गेले, त्या वाटेवर सावकाश जाणारास आज जागा उरलेली नाहीं. रुंद रस्ता करतांना हातभर वाट त्याच्यासाठीं राखणें हें फार मोठें मागणें नव्हे.

शेवटीं यवतहून भुलेश्वरचा घाट चढलों. देवालय पुरंदर तालुक्यांत आहे, पण दृष्टि जाते ती दौंडच्या सपाटीवर. खालीं एका बाजूस आगगाडी, एका बाजूस सोलापूरचा रस्ता. याच रस्त्यानें दरवर्षीं तुकोबांची पालखी येते. यवतेस एक मुक्काम, वरवंडास दुसरा. आगगाडी आली, मोटार आली, पण त्या दोन मुक्कामांतलें अंतर माणसाच्या पायांनींच ठरविलेलें राहिलें आहे. वर्षांतून कांहीं दिवस तरी हा सारा रस्ता थांबतो आणि चालणारास वाट देतो. जें वारीच्या दिवसांत साधतें तें त्या शाळकरी मुलांसाठीं रोज कां साधूं नये, एवढाच विचार मनांत घेऊन मी घाट उतरलों.