चाकोरी आणि खड्डा

मराठी समीक्षेत अतिवापराने झिजून गेलेल्या शब्दांची यादी करायची झाली तर 'चाकोरी' हा शब्द तीत पुष्कळच वर येईल. चाकोरीबद्ध कथा, चाकोरीबाहेरची कविता, चाकोरी मोडणारा नाटककार. परीक्षणे लिहिताना आम्हीही हा शब्द सर्रास वापरत आलो आहोत. चाकोरीत असणे हा दोष आणि चाकोरीबाहेर पडणे हा गुण, असे त्याचे मूल्यमापन इतके पक्के झाले आहे की तो मुळात रस्त्याचा शब्द आहे याचे भानही उरलेले नाही. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली जोडवाट. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या कोशात त्याचा हाच साधा, मातीचा अर्थ सापडतो. प्रस्तुत लेखात आम्हांला हा शब्द पुन्हा त्याच्या मातीत नेऊन ठेवायचा आहे, आणि त्याच्या शेजारी त्याचा आधुनिक वारस असलेला दुसरा शब्द ठेवायचा आहे : खड्डा.

ही माती कोठली? ती दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी आहे; आम्ही नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर घेतो. नांदेडहून उत्तरेकडे निघाले की पहिले मोठे गाव अर्धापूर. पुढे वारंगा फाटा. तेथून एक वाट कळमनुरी-हिंगोलीकडे जाते आणि दुसरी हदगाव, पैनगंगा, उमरखेड अशी विदर्भात उतरते. आज नागपूर-तुळजापूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. केळी आणि हळद ही या गावाची ओळख. वाळवंटात रस्त्याचा शत्रू वाळू; ती रस्त्यावर येऊन त्याला झाकते. आमच्या दुष्काळी मुलखात रस्त्याचा शत्रू रस्त्याच्या पोटात असतो. बेसाल्टच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती कापसाला आणि ज्वारीला आईसारखी, तीच चाकाला वैरीण.

या मातीवर चाकोरी कशी घडते हे नीट समजून घेतले पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की वाट चालेनाशी होई. चाकांच्या आऱ्यांत चिखल भरे, कणा जमिनीला टेके, बैल गुडघ्यांवर येत. मग उघडीप आणि वाफसा यांची वाट पाहायची. पेरणीचा मुहूर्त आणि प्रवासाचा मुहूर्त एकाच शब्दाने ठरे. वाफशाच्या ओल्या मातीत पहिल्या गाडीची लोखंडी धाव जी रेघ ओढी, तीच दुसरी धरी, तीच तिसरी, आणि ऊन पडल्यावर ती रेघ दगडासारखी वाळे. पुढचे आठ महिने तोच रस्ता. बैल आपोआप चाकोरी धरत; गाडीवान रात्री झोपी गेला तरी गाडी घरी येई. समोरून दुसरी गाडी आली की मात्र कोणीतरी चाकोरी सोडायची, आणि पुन्हा ती धरायला बैलांचा जीव काढायचा. म्हणजे चाकोरीबाहेर पडणे हे येथे शौर्य नव्हते, संकट होते. चाकोरी कोणी आखली नव्हती, तिचा कोणी मालक नव्हता, तिच्याबद्दल तक्रार करायला कचेरी नव्हती. मागून येणाऱ्यासाठी पुढच्याने नकळत केलेली ती सोय होती.

आणि या चाकोरीचाही प्रदेश मर्यादित होता. दूरच्या वाहतुकीचा भार कितीतरी शतके चाकांवर नव्हताच. तो बैलांच्या पाठीवर होता. धान्य आणि मीठ घेऊन फिरणारे बंजाऱ्यांचे तांडे हीच दख्खनची मालवाहतूक. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी या मुलखातून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए आपल्या सुरत-गोवळकोंडा मार्गावरील मुक्कामांत नांदेडचे नाव देतो. तोच दहा-बारा हजार लादलेल्या बैलांच्या तांड्यांविषयीही लिहितो. असा तांडा अरुंद वाटेवर समोर आला की प्रवाशाने थांबून राहण्याखेरीज गत्यंतर नसे. त्याही आधीच्या महानुभावीय 'स्थानपोथी'त चक्रधरांच्या संचाराची गावे आणि तेथील स्थाने दिशांसह नोंदलेली आहेत. मराठी गद्याच्या पहाटेचे हे मार्गवर्णन पायी चालणाऱ्याचे आहे, हे आमच्या दृष्टीने सूचक आहे. या भूमीचे पहिले वाङ्मय पायवाटेचे. चाकाचा नंबर पुष्कळ नंतरचा.

पक्की सडक आली ती निजामी अमलात. 'सडक' हाच शब्द मराठवाड्यात रुळला आणि बांधकाम खात्याला 'तामीरात' म्हणण्याची रीत पडली. हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणी, राजधानी आणि जिल्ह्याचे ठाणे यांना जोडणे हा अशा सडकांचा पहिला हेतू. गावाला बाजाराशी जोडणे हा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे नांदेडवरून धावू लागली, आणि ज्या गावांना स्टेशन मिळाले नाही त्यांच्यासाठी स्टेशनापर्यंतची वाट हाच जगाचा रस्ता झाला. एका बाबतीत मात्र हे संस्थान पुढे होते. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी यांच्यानिशी सरकारी बससेवा सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. मराठवाड्याला मागास म्हणताना हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. अर्थात बस आधी आली याचा अर्थ रस्ता आधी आला असा होत नाही.

त्या काळी रस्ता कोठे संपे, हेही पाहण्यासारखे आहे. पैनगंगेपलीकडचे उमरखेड वऱ्हाडात, अलीकडचे हदगाव निजामी राज्यात. सीमेवर करोडगिरी नाके, म्हणजे जकातीची ठाणी. एकच भाषा बोलणाऱ्या दोन गावांमधली वाट नाक्यावर अडे. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या तळांवरून आलेल्या कार्यकर्त्यांनी हे नाके आपले लक्ष्य केले, यात नवल नाही. जुलमी राजवटीचे सर्वांत दृश्य रूप सामान्य माणसाला रस्त्यावरच भेटत होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सरहद्द गेली, पण ती ओलांडणारे रस्ते एका रात्रीत निर्माण होणार नव्हते.

ते निर्माण झाले, पण कसे, हे मराठी साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात शेते ओस पडली आणि माणसे दुष्काळी कामांवर गेली. मे १९७३ च्या सुमारास राज्यभर जवळजवळ ५० लाख लोक या कामांवर होते. डोंगर फोडणे, खडी फोडणे, मुरूम टाकणे. कोरडवाहू शेताचा मालक आणि त्याच शेतावरची मजूर एका रांगेत हातोडी घेऊन बसली. मोजमापाला खडीचा ढीग, जेवायला सुकडी, उशाला दगड. याच अनुभवातून पुढे वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आज डांबराखाली गेलेल्या मराठवाड्यातील कितीतरी रस्त्यांचा पहिला थर हा या हातांनी फोडलेला दगड आहे. यातले अनेक रस्ते मुरुमाच्या थरावरच थांबले. पाऊस आला, दुष्काळ सरला, मजूर शेतावर परतले आणि रस्ता अर्धा राहिला. दुष्काळाला काम हवे होते. रस्ता हे त्या कामाचे निमित्त होते.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला, तेव्हा सिंचन, वीज, शिक्षण यांच्याबरोबर रस्ते हेही मोजमापाचे एक क्षेत्र होते. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा जवळजवळ चोवीस टक्के होता. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून मराठवाड्याच्या राजकीय भाषेत कायमचा वस्तीला आला. परंतु अनुशेष लांबीत मोजला जातो. रस्ता आहे की नाही, एवढेच तो विचारतो. रस्ता कसा आहे, हे विचारत नाही. येथून पुढे चाकोरीची जागा खड्ड्याने घेतली.

खड्डा पडण्याची क्रिया कोणाही वाहनचालकाला डोळ्यांनी ठाऊक असते. खालची काळी माती फुगते-आकसते, वरचे डांबर ताणले जाऊन त्याला बारीक तडा जातो. तड्यातून पाणी आत शिरते आणि खडीचा थर सैल होतो. मग जाणाऱ्या प्रत्येक चाकाच्या दाबाने पाणी माती घेऊन बाहेर उसळते. आठवड्यात परातीएवढी आणि महिन्यात खाटेएवढी पोकळी होते. त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर जातात, केळीचे ट्रक जातात. चाकोरीत बैल डोळे मिटून चालू शकत होता. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणसाला डोळा मिटता येत नाही. पावसात तर पाण्याने भरलेला खड्डा उथळ की खोल हे पाण्यावरून कळत नाही. पुढच्या दुचाकीचे चाक किती बुडाले यावरून ते ठरवायचे. नेहमी जाणारा चालक रस्ता पाठ करतो : पुलाअलीकडे डावीकडून, शाळेपुढे उजवीकडून. एका पावसाने ते पाठांतर खोटे ठरते. नवखा चालक सरळ जातो आणि फसतो. जाणता चालक समोरच्या बाजूला घुसतो आणि कधी कधी समोरच्या वाहनाखाली जातो.

याची किंमत कोण देतो? अर्धापूरच्या केळीचेच पाहा. घडाला बसलेला दणका बागेत दिसत नाही, काही तासांनी सालीवर काळा डाग होऊन उमटतो. तो डाग बाजारात दाखवून भाव पाडला जातो, आणि पाडलेला भाव शेतकऱ्याच्या पदरात येतो. रस्त्याने केलेले नुकसान फळाच्या खात्यावर मांडले जाते. बाळंतीण घेऊन निघालेल्या जीपमध्ये काय होते, हे या भागातील घराघरांत ठाऊक आहे. ते सांगायला आम्ही आकडे शोधणार नाही.

येथे दोन्ही शब्दांतला खरा भेद स्पष्ट होतो. चाकोरी ही अभावाच्या काळातली वाट. तेथे कोणी काही कबूल केलेले नव्हते, म्हणून कोणी काही मोडलेही नव्हते. खड्डा पडण्यासाठी आधी रस्ता व्हावा लागतो. म्हणजे आधी एक वचन दिले जावे लागते. खड्डा हा त्या वचनाचा तुटलेला भाग आहे, आणि म्हणून त्याच्याबद्दल जाब विचारता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ च्या आदेशात सुस्थितीतला रस्ता हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. चाकोरीत मेलेल्या बैलाची भरपाई मागण्याची कल्पना कोणाला सुचली नसती. सुचली असती तरी कोणाकडे मागायची, हा प्रश्न होता. खड्ड्याबद्दलचा संताप हे या अर्थाने नागरिकत्वाचे लक्षण आहे. निजामाच्या प्रजेला तो परवडणारा नव्हता.

आणि नेमके येथे आमचे वाङ्मय तोकडे पडले आहे, असे आम्हांला वाटते. चाकोरीचे आम्ही रूपक केले, तेही उलटे. खड्ड्याचे मात्र आम्ही केवळ विनोद केले. वृत्तपत्री व्यंगचित्रातला बोटीतून जाणारा माणूस आणि 'खड्ड्यात गेलं सगळं' हा वाक्प्रचार, एवढ्यावर मराठी भाषेने समाधान मानले. दुष्काळात खडी फोडणारे हात ग्रामीण आणि दलित साहित्यात आले. पण त्या खडीचे पुढे काय झाले, ती कोणत्या पावसात उखडली, तिच्यावरून कोण कोठे निघाले होते आणि पोहोचले नाही, हा कथेचा उत्तरार्ध फारसा लिहिला गेला नाही. अलीकडे चौपदरी महामार्ग झाल्याने मुख्य वाट सुधारली आहे. पण महामार्गावरून उतरून गावाकडे वळले की फाट्यापासूनचा रस्ता आणि त्यापुढची शेताची पांदण अजूनही जुन्या अंकगणितावर चालतात. पावसाळ्यात पांदणीत आजही चाकोरीच पडते.

नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयात प्राध्यापक फळ्यावर 'चाकोरीबाहेरची कविता' असे लिहितात, तेव्हा समोरच्या बाकांवर काही विद्यार्थी अशाच पांदणीतून फाट्यापर्यंत चालत, तेथून मिळेल त्या वाहनाने येऊन बसलेले असतात. चाकोरी म्हणजे काय, हे त्यांना कोशात पाहावे लागत नाही. त्यांच्या दृष्टीने चाकोरी सोडणे म्हणजे चिखलात उतरणे. तो प्रतिभेचा विलास नव्हे. त्या तासाला प्राध्यापकांनी दहा मिनिटे बाजूला ठेवून या विद्यार्थ्यांनाच शब्दाचा अर्थ विचारावा, एवढीच आमची सूचना आहे. कदाचित समीक्षेचा एक झिजलेला शब्द पुन्हा जड होईल, आणि मराठवाड्याच्या रस्त्यांचा न लिहिलेला उत्तरार्ध लिहिणारा कोणीतरी त्याच बाकांवर सापडेल.