सोलर पॅनल म्हातारं झालं की जातं कुठे?

आजची गोष्ट सोलर पॅनलची. जन्माची थोडी, निवृत्तीनंतरची जास्त.

२५ एप्रिल १९५४. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सोलर सेल जगाला दाखवला. उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा त्यातून वीज व्हायची. चारच वर्षांनी असे सेल लावलेला व्हॅनगार्ड-१ उपग्रह अवकाशात गेला. १९६४ मध्ये त्याचा आवाज बंद झाला, पण तो अजून पृथ्वीभोवती फिरतोय! तिथे कचरा कुठे टाकायचा, हा प्रश्न कुणाला पडणार?

जमिनीवर मात्र तो पडतो. पॅनल चालतं साधारण २५-३० वर्षं. वजनाचा तीन चतुर्थांश भाग नुसती काच. बाकी ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिक, सिलिकॉन, तांबं, किंचित चांदी. आणि विष? सेल जोडणाऱ्या डाखात शिसं असतं. पातळ थराच्या काही पॅनलमध्ये कॅडमियमचं संयुग असतं.

आता लगेच घाबरू नका. धडधाकट पॅनलमध्ये हे सगळं काचेखाली बंद असतं. ते फोडून उकिरड्यावर टाकलं, की पावसाच्या पाण्याबरोबर शिसं मातीत झिरपू शकतं. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं.

युरोपने २०१२ मध्ये पॅनल ई-कचऱ्याच्या कायद्यात आणलं आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणजे बेल लॅब्सनंतर तब्बल ५८ वर्षांनी!

आपल्याकडे राष्ट्रीय सौर मिशन आलं २०१० मध्ये. पॅनलचा समावेश असलेले ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पॅनलचा कचरा उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंत नीट साठवून ठेवायचा, असं त्यात आहे. आता हिशेब करा. धुळे जिल्ह्यातला साक्रीचा सौर प्रकल्प २०१३ चा. त्यात २५ मिळवा. २०३८!

म्हणजे मोठी लाट अजून यायचीय. पण फुटकं पॅनल आजच भंगारात गेलं तर? चौकट आणि तार विकली जाते. काचेला घट्ट चिकटलेल्या सेलला भाव मिळत नाही, आणि शिसं नेमकं तिथेच असतं. म्हणून ते फोडू नका, जाळू नका, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या.

आणि छतावर नवीन पॅनल लावताय? सबसिडीबरोबर विक्रेत्याला हेही विचारा: “पंचवीस वर्षांनी हे परत कोण नेणार?”

भेटू पुढच्या भागात!