छपराची कैची व तिचें कार्य

सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखांत पावसाचा जोर किती असतो, हें वाचकांस सांगावयास नको. जुन्या घरांत आढ्याचा भार मधल्या खांबांवर असे. परंतु ख्रिस्तमंदिरांत सर्वांस वेदी दिसली पाहिजे. तेथें मध्यें खांब नको. याकरितां सुतारांनीं कैची योजिली.

तिचें तत्त्व असें: दोन तिरपे वासे आढ्यापाशीं जुळतात. भिजलेल्या कौलांच्या भारानें त्यांचे पाय बाहेर सरकूं पाहतात व भिंतींस ढकलतात. खालची आडवी तुळई ते पाय ताणून धरते. मधला खांब तुळईवर उभा आहे असें वाटतें. वस्तुतः तो वरून लोंबतो व तुळईस वाकूं देत नाहीं. त्याच्या पायथ्यापासून निघालेले तिरकस टेकू वाशांस आधार देतात.

ही युक्ति फार प्राचीन आहे. सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं संत कॅथरीनच्या मठांतील मंदिरावर अशा कैच्या अद्याप आहेत. तुळयांवरील लेखांत सम्राट जस्टिनियन हयात व सम्राज्ञी थिओडोरा दिवंगत आहे. यावरून त्या 548 ते 565 या काळांतील ठरतात.

सुमारें 30 फुटांहून रुंद इमारतीस दोन खांबांची कैची घालीत. 1837 सालीं कामीय पोलोन्सो या फ्रेंच इंजिनिअरनें ताणाच्या भागांस लोखंडी सळ्या योजिल्या. पुढें सबंध कैचीच पोलादी होऊं लागली.

म्हणून दुरुस्तीच्या वेळीं, वाटेंत येते या सबबीवर, खालची तुळई कोणीं कापूं नये. छप्पर कदाचित् तत्काळ पडणार नाहीं. पण भिंती बाहेर कलूं लागतील.