पत्ता कोण ठरवतो? त्र्यंबकेश्वरच्या वहीपासून ई-मेलपर्यंत

१/८
त्र्यंबकेश्वरी आलेल्या यात्रेकरूला परंपरेने दोन प्रश्न विचारले जातात : गाव कोणते? आडनाव काय? या उत्तरांवरून त्याचा तीर्थोपाध्याय ठरतो. कोणाकडे जायचे, हे यात्रेकरूला आधी ठाऊक असावे लागत नाही. आजचा थ्रेड या युक्तीच्या इतिहासावर.

२/८
तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात. जुन्या नोंदी मोडीत. आलेल्याचे नाव, वाडवडील, भाऊ, मुले, गाव आणि अनेकदा त्याची स्वतःची सही. कोणत्या गावाचे, कोणत्या आडनावाचे यजमान कोणत्या घराकडे, हा नियम आधीपासून ठरलेला. माणूस मात्र दारात आल्यावरच कळतो.

३/८
टपालखात्याने हेच तत्त्व अंकांत बसवले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी. त्र्यंबकेश्वरचा पिन ४२२२१२ : पहिला ४ विभाग सांगतो, ४२२ टपालाचा नाशिक वर्गीकरण जिल्हा, शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय.

४/८
१९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर ई-मेल पाठवला. तेव्हा पत्ता पाठवणारा माणूसच लिहीत असे. पुढे पाठवणारा स्वतःच एक प्रोग्राम झाला आणि जुना प्रश्न परतला : हजारो संदेशांपैकी कोणता कोणाला?

५/८
ग्रेगर होप व बॉबी वुल्फ यांच्या २००३च्या ग्रंथाने अशा प्रश्नांच्या उत्तरांना नावे दिली. ‘स्प्रिंग इंटिग्रेशन’ ही चौकट त्याच विचारावर उभी आहे. तिच्यात ई-मेलचा प्राप्तकर्ता हा संदेशासोबत जाणारा एक ‘हेडर’ असतो. तो एकदाच कायमचा लिहून ठेवला, तर सगळी पत्रे एकाच दारी जातात.

६/८
दुसरा मार्ग असा : पाठवण्यापूर्वी ‘हेडर एनरिचर’ प्रत्येक संदेश वाचतो आणि दिलेल्या सूत्राने पत्ता ठरवतो. तक्रारीत ‘नाशिक’ असेल तर तक्त्यातून नाशिकच्या अधिकाऱ्याचा पत्ता उचलतो. संदेश म्हणजे यात्रेकरू, तक्ता म्हणजे वही. अधिकारी बदलला, तर तक्त्यातली एक ओळ बदलते. प्रोग्राम तसाच राहतो.

७/८
परंतु नियम तटस्थ नसतो. यजमान कोणाचा, यावरून उपाध्येपणाच्या वृत्तीचे वाद न्यायालयांपर्यंत गेले. विवाहित स्त्रीचा शोध सासरच्या आडनावाने घेतला, तर माहेरच्या वहीतली तिची ओळख मागे पडते. संगणकातही सूत्र चुकले, तर एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती जाते. पत्ता खरा असल्याने पत्र परत येत नाही. चूक गुपचूप पोहोचते.

८/८
म्हणून या वह्यांची केवळ छायाचित्रे काढून भागणार नाही. गाव-आडनावाची वाटणी, वह्यांचा क्रम आणि ती वाचणाऱ्यांची स्मृती हेही दस्तऐवजच आहेत. ते हरवले, तर नावे उरतील. पण कोणाचे नाव कुठे शोधायचे, हे सांगणारे कोणी उरणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारा : आपले मूळ गाव कोणते, आणि त्र्यंबकेश्वरी आपले उपाध्ये कोण? उत्तर मिळाले, तर लिहून ठेवा.