पडवीतला ठोकळा आणि समुद्रातले बंदर

डहाणू तालुक्यातल्या वरोर, वाढवण, चिंचणी या किनारपट्टीवर डायमेकिंग हा मासेमारीइतकाच ओळखीचा धंदा. दागिन्याची नक्षी पोलादी ठोकळ्यावर उलटी कोरायची, उठावाच्या जागी खोलगट आणि खोलगटीच्या जागी उठाव. मग ठोकळा तापवून, पाणी देऊन कडक करायचा. सराफाने त्यावर पातळ पत्रा दाबला की नक्षी सरळ उमटते. एका डायवरून कितीतरी दागिने निघतात. म्हणून कोरताना राहिलेली केसभर चूकही तितक्याच वेळा उमटते.

हे काम पिढ्या घरातल्या किंवा शेजारच्या कारागिराजवळ बसूनच शिकत आल्या. ना प्रवेश अर्ज, ना प्रमाणपत्र.

सरकारचा रस्ता वेगळा होता. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. त्याच दशकात वरोरच्या दक्षिणेला तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र बांधले गेले आणि १९६९ मध्ये सुरू झाले. अणुऊर्जा खात्याची स्वतःची प्रशिक्षण शाळा तुर्भ्याला १९५७ पासून होतीच, पण ती देशभरातल्या पदवीधरांसाठी. अणुभट्टी गावाजवळ आली म्हणून तिचे शिक्षणही गावाजवळ येते असे नाही.

डहाणूत एका ठिकाणी मात्र नेमका उलटा विचार झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. अंगणवाडी, कुरणशाळा ही नावे इथल्या कामातून रुजली. याच कामातून बालसेविकांचे प्रशिक्षणही उभे राहिले. व्यवसायशिक्षणाच्या इतिहासात या बालसेविकांची आठवण कोणी काढत नाही, हे विचित्रच! त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था १९४९ पासून होती; पुढे १९७६ मध्ये कृषी विज्ञान केंद्र आले. कृषितज्ज्ञ जयंतराव पाटलांनी तिथे आदिवासी शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीचा आणि पावसाचा हिशेब धरून शिकवण्याचा आग्रह धरला.

आता वाढवणच्या नियोजित बंदराकडे. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह होकार दिला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनले, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, बारा लाख रोजगारांचा सरकारी अंदाज. विरोध अजून थांबलेला नाही आणि त्यात मच्छीमारांबरोबर डायमेकरही आहेत. भराव पडला की मासेमारीची जागा जाते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बंदर प्रकल्पाच्या कंपनीने स्थानिक तरुणांसाठी कौशल्य कार्यक्रम हाती घेतला आहे. क्रेन, गोदाम, टग अशा कामांना माणसे लागणार, हे खरेच. पण असे अभ्यासक्रम शिकणाऱ्याला कोरी पाटी धरून चालतात. वरोरचा माणूस कोरी पाटी नाही. भरती-ओहोटीची वेळ, खडकांच्या जागा, वाऱ्याचा पालट नाखव्याला पाठ असतो. डायमेकराचा हात अचूक मापाला सरावलेला असतो. पूर्वी मिळवलेले कौशल्य तपासून त्याचे प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आहे. बंदराच्या नोकरभरतीत ती सोय कुठवर पोचते, यावर डायमेकराच्या मुलाला टर्मिनलवर यंत्र-कारागिराची जागा मिळते की फाटकावरच्या पहारेकऱ्याची, हे बरेचसे ठरेल.