'कॅन' : ध्वनिफीत, कात्री आणि इतिहासाचे साधन

पश्चिम जर्मनीतील कोलोन येथे इ.स. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅन' या रॉक वाद्यवृंदाचा उल्लेख सर्वसाधारणपणे उत्स्फूर्त वादन करणारा गट असा केला जातो. हे वर्णन कितपत ग्राह्य धरावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इरमिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे दोघे कार्लहाइन्झ स्टॉकहाउसेन या आधुनिक संगीतकाराचे विद्यार्थी होते. ड्रमवादक याकी लिबेत्साइट जॅझ संगीतातून आले, तर गिटारवादक मिखाएल कारोली हे चुकाय यांचेच शिष्य. गटाला नेता नव्हता आणि रचनांचे श्रेय सर्वांच्या नावे दिले जाई. पहिले तिघे युद्धापूर्वी जन्मलेले. 'नेता' या शब्दाविषयी त्या पिढीच्या मनात असलेली अढी येथे दुर्लक्षिता येत नाही. प्रथम अमेरिकन माल्कम मूनी आणि १९७० पासून म्युनिकच्या रस्त्यावर गाताना आढळलेले जपानी दामो सुझुकी हे गायक त्यांना लाभले. (अशा संगीतास इंग्रजी वृत्तपत्रांनी दिलेले 'क्राउटरॉक' हे नाव मूलतः हेटाळणीचेच होय.)

तथापि गटाचे खरे वैशिष्ट्य वादनानंतरच्या कामात आहे. सर्वजण एकत्र बसून तासन्‌तास वाजवीत आणि ते केवळ दोन ट्रॅकवर मुद्रित होई. पुढे चुकाय ध्वनिफीत कात्रीने कापून तिचे तुकडे जोडीत. 'तागो मागो' (१९७१) या अल्बमसाठी तर वादनाच्या मधल्या विरामातही त्यांनी यंत्र चालू ठेवले होते. एका संपूर्ण बाजूवर पसरलेली त्यातील अठरा मिनिटांची रचना ऐकताना अखंड वाटते. तो अखंडपणा संपादनाने घडविलेला आहे. म्हणजेच ही ध्वनिमुद्रिका घडलेल्या प्रसंगाची नोंद नसून त्या प्रसंगावरील भाष्य होय. बखरकाराविषयी आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही बाळगावयास हवी.

'लँडेड' (१९७५) पासून बहुट्रॅक मुद्रण आले. प्रत्येकाचे वादन स्वतंत्रपणे दुरुस्त करता येऊ लागले आणि एकमेकांचे ऐकण्याची निकड कमी झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते गटाची उतरती कळा सुधारलेल्या यंत्रानेच सुरू केली. १९७९ मध्ये गट विसर्जित झाला.

वायलरस्विस्ट येथील जुन्या चित्रपटगृहातील त्यांचा स्टुडिओ पुढे ग्रोनाऊच्या संग्रहालयाकडे गेला. तेथे सापडलेल्या ध्वनिफितींतून २०१२ मध्ये 'द लॉस्ट टेप्स' प्रसिद्ध झाले. मात्र तेही निवडलेले व संपादित केलेले. २०२१ पासून मैफलींची जी मुद्रणे प्रसिद्ध होऊ लागली, त्यांचा आधार श्रोत्यांनी स्वतःच्या यंत्रावर केलेल्या ध्वनिफिती हा आहे. त्यांचा ध्वनी सदोष आहे; परंतु चुकाय यांची कात्री त्या फितींपर्यंत पोहोचलेली नव्हती.